हेडफोन काढा आणि काळी तीन धरा

वाचकाचं पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार. मी डोंबिवलीत घरीच गाण्याचे क्लास घेते. लहानपणापासून ख्याल शिकले, विशारद झाले, अजूनही रोज सकाळी रियाजाला बसते. पण ऐकताच अंगात बारा हत्तींचं बळ येतं असं गाणं माझ्यासाठी एकच आहे: स्वीडनच्या ‘युरोप’ या बँडचं ‘द फायनल काउंटडाउन’. शाळेत असताना दादाच्या कॅसेटवर ऐकलं आणि कानात बसलं ते बसलंच. मध्यंतरी भाकऱ्या करताना मोठ्याने लावलं होतं, तेवढ्यात एका विद्यार्थिनीची आई फी द्यायला आली. ‘मॅडम, तुम्ही हे ऐकता?’ एवढंच म्हणाली, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून हेडफोन लावूनच ऐकते. आता सोसायटीच्या कोजागिरीला माझा सतरा वर्षांचा मुलगा आणि त्याचे मित्र नेमकं हेच गाणं करताहेत, पण टिंगल म्हणून. कुरळ्या केसांचे टोप घालून, तोंडं वेडीवाकडी करून. मुलाच्या मते हे गाणं ‘क्रिंज’ आहे, म्हणजे ऐकूनच लाज वाटावी असं. त्यांच्याकडे कीबोर्ड वाजवायला कोणी नाही, म्हणून त्याने मला विचारलंय. मला वाजवायचंय हो, खूप वाजवायचंय! पण त्या गाण्याची चेष्टा करायला नाही. शिवाय समोर माझ्या विद्यार्थ्यांचे आईवडील बसलेले असणार. माझ्या कानातच काही खोट आहे का? काय करू?
काळी चार, डोंबिवली

प्रिय काळी चार,

वाजवा. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल.

आता कानातल्या खोटीबद्दल. पेटी उघडा आणि काळी तीनला, म्हणजे तिसऱ्या काळ्या पट्टीला, सा धरा, मूळ गाणं त्याच पट्टीत आहे. मग वाजवा: प म प सा. पहिला पंचम आणि मध्यम झटकन, दुसरा पंचम लांब, आणि तिथून सरळ खाली षड्जावर. मग धैवत कोमल घेऊन ध प ध प म. नंतर ध प ध, आणि पुन्हा खाली षड्ज. बोटं किती सहज फिरतात बघा. तुमच्या क्लासमधल्या सगळ्यात लहान मुलीला ही ओळ दोनदा ऐकवलीत तर तिसऱ्यांदा ती बिनचूक म्हणून दाखवेल. एकदा ऐकल्यावर विसरता येत नाही अशी चाल सुचणं किती अवघड असतं, हे बंदिशी शिकवणाऱ्या बाईला मी काय सांगावं!

या चालीत रिषभ शुद्ध आहे आणि गंधार, धैवत, निषाद कोमल. म्हणजे आसावरी थाटाचे स्वर. जौनपुरी राग गाताना तुम्ही याच स्वरांत वावरता. याला राग म्हणता येणार नाही, इथे ते चलन नाही आणि ती शिस्तही नाही. पण स्वरांचा स्वभाव थोडाच बदलतो? हेच स्वर विलंबित लयीत लावले असते तर ऐकणारा गप्प झाला असता. इथे त्यांच्याखाली मिनिटाला ११८च्या आसपास ठोके पडतात. बास गिटार आणि ड्रम मिळून जी लय धरतात तिला रॉकवाले ‘गॅलप’ म्हणतात, घोड्याची चौखूर दौड. वर हुरहूर लावणारे स्वर आणि खाली ही दौड. डोळे भरून येतात आणि मूठही वळते, दोन्ही एकाच वेळी. तुमच्या अंगात जे बळ येतं ते इथून येतं. उलट तुमचा कान तयार आहे म्हणूनच ते इतकं थेट पोहोचतं, असं मला वाटतं.

आपल्याकडे वीररसाचा स्थायीभाव उत्साह सांगितला आहे. शाहीर डफावर थाप मारतो, हात उंचावून पहिली आरोळी ठोकतो, तेव्हा तो भडक गातो म्हणून कुणी नाक मुरडत नाही. भर चौकात, उघड्यावर, शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या छातीत ती आरोळी पोहोचली पाहिजे. तिथे खर्जातली नजाकत घेऊन कोण काय करणार? ऐंशीच्या दशकातलं हे असलं रॉक तशाच जागांसाठी लिहिलं जात होतं. मोठमोठी स्टेडियम, हजारो माणसं. हे गाणं ज्याने लिहिलं त्या जोई टेम्पेस्टच्या डोक्यात तर ते हिट करायचं असंही नव्हतं. कार्यक्रमाची सुरुवात दणक्यात व्हावी म्हणून ते लिहिलं होतं. गायकाचा पहिला शब्द बऱ्याच उशिरा येतो आणि तोवर ती कीबोर्डवरची तुतारीच फुंकली जात असते, त्याचं कारण हेच. बैठकीच्या गाण्याच्या मापाने मोजलं तर ते बटबटीतच वाटणार. पण ते त्या मापाचं नाहीच.

आता थोडं चिरंजीवांसाठी लिहिते. पुढचा भाग त्याला वाचून दाखवा, किंवा फोनच त्याच्या हातात द्या.

ही चाल जोईने बांधली तेव्हा तो जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा होता, म्हणजे तुझ्याहून वर्ष-दोन वर्षांनी मोठा. स्टॉकहोमच्या उत्तरेला उपलांड्स वेस्बी नावाचं उपनगर आहे, तिथली ही मुलं. घरात भारी वाद्यं नव्हती. मिक मिकेली या मित्राकडून कॉर्ग कंपनीचा पॉलिसिक्स सिंथेसायझर उसना आणला आणि त्यावर ती सुचली. मग काही वर्षं तशीच पडून राहिली. १९८५च्या सुमारास बास वाजवणारा जॉन लेव्हेन म्हणाला की त्या जुन्या चालीवर एक गाणं कर ना. जोईने गाणं केलं आणि बाकीच्यांना ऐकवलं, तेव्हा बँडमध्ये दोन तट पडले.

सगळ्यात जास्त विरोध केला गिटारवाल्या जॉन नोरुमने. कीबोर्डचा तो सुरुवातीचा नाद ऐकूनच त्याला वाटलं की हे आपल्या बँडला शोभणारं नाही. तो हाडाचा गिटारिस्ट, त्याला गिटारचा जोर हवा होता आणि इथे कीबोर्डच पुढे. म्हणजे ‘क्रिंज’ हे तुझं मत तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी खुद्द त्या बँडमधल्याच एकाने मांडून झालंय! आता पुढचं ऐक. त्याच माणसाने त्याच गाण्यात जो सोलो वाजवलाय तो नीट ऐक. आवडत नव्हतं म्हणून त्याने पाट्या टाकल्या नाहीत. वेगात पळणाऱ्या ताना, प्रत्येक स्वर सुटा आणि स्वच्छ. लोक आजही तो सोलो तोंडाने जसाच्या तसा म्हणतात. गिटार तूच वाजवणार असशील, असं धरून चालते. टोप डोक्यावर चढवण्याआधी तो सोलो बसवून दाखव. लय मोजणारा मेट्रोनोम मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवून सुरुवात कर आणि रोज थोडा थोडा वेग वाढव. पूर्ण वेगात स्वच्छ आला की मग मला कळव, गाणं अजून हास्यास्पद वाटतंय का ते.

नोरुम १९८६च्या अखेरीस बँड सोडून गेला. गाणं तेव्हा ब्रिटनमध्ये दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, पुढे अमेरिकेत आठव्यापर्यंत गेलं, आणि सगळं मिळून २५ देशांत ते पहिलं आलं असं सांगतात. एवढं यश पायाशी असताना तो निघून गेला. पोस्टरवरची गोंडस मुलं होणं, गिटार मागे पडणं त्याला मानवलं नाही, आणि त्यातला त्याचा प्रामाणिकपणा मला आवडतो. त्याच्या जागी की मार्सेलो आला. १९९२मध्ये बँडच थांबला. १९९९च्या शेवटच्या रात्री, नवं सहस्रक लागताना, स्टॉकहोमच्या कडाक्याच्या थंडीत हे गाणं पुन्हा वाजलं तेव्हा मंचावर दोघेही होते, नोरुम आणि मार्सेलो. २००३मध्ये बँड पुन्हा उभा राहिला आणि नोरुम परतला. तेव्हापासून आजवर तो हे गाणं वाजवतोय. त्या वेळी माझं कुणी ऐकलं नाही हे बरंच झालं, असं तो स्वतः पुढे म्हणाला आहे.

मुलाचा भाग इथे संपला. आता फोन परत घ्या.

या गाण्याला नावं ठेवणारे काही थोडे नाहीत. २००४मध्ये ‘ब्लेंडर’ नावाच्या अमेरिकी मासिकाने सगळ्यात वाईट ५० गाण्यांची यादी छापली, तिच्यात हेही होतं. आणि त्याच वर्षी बास्केटबॉलमधलं अमेरिकेचं विजेतेपद पटकावणारा डेट्रॉइट पिस्टन्सचा संघ घरच्या मैदानावर याच गाण्याच्या तालावर उतरत होता. वीस हजारांच्या आसपास माणसं त्या चालीवर एका वेळी उठून उभी राहायची. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फक्त मासिकाची यादी एकट्याने खुर्चीत बसून वाचायची असते आणि हे गाणं हजारोंनी उभं राहून ऐकायचं असतं, हे ध्यानात ठेवा.

त्याचे शब्द कच्चे आहेत, हे मी मान्य करते. इंग्रजी ही काही त्या मुलांची मातृभाषा नव्हे. पृथ्वी सोडून माणसं शुक्राकडे निघालीत आणि अजून कितीतरी प्रकाशवर्षं जायचंय, असं त्यात आहे. शुक्रापर्यंत प्रकाशाला काही मिनिटं पुरतात, आणि तिथलं तापमान साडेचारशे अंश सेल्सिअसच्या वर! पण त्या काळात शुक्र बातम्यांमध्येही होता. जून १९८५मध्ये सोव्हिएत संघाच्या वेगा यानांनी शुक्राच्या वातावरणात खरोखर फुगे सोडले होते. जोईवर लहानपणी डेव्हिड बॉवी या ब्रिटिश गायकाच्या ‘स्पेस ऑडिटी’चा मोठा परिणाम झाला होता, अंतराळात एकटाच राहून जाणाऱ्या माणसाचं ते १९६९चं गाणं. त्याच वाटेवरचं हे पुढचं गाणं आहे. लोक ते जिंकायला निघतानाचं म्हणून लावतात, पण आत नीट पाहिलं तर हा निरोप आहे. सगळे बरोबर निघालेत, परत येतील की नाही ठाऊक नाही, मागे राहिलेल्या पृथ्वीची आठवण येणार आहे. आसावरीचे स्वर उगीच नाही आलेले! तुम्ही शाळेत होतात तेव्हा हे शब्द कळले नसतील कदाचित, पण स्वरांनी सांगायचं ते सांगितलंच होतं.

टोपांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नकोत. त्या व्हिडिओतले फुगवलेले केस पाहून मुलांना हसू येतं, ते मी समजू शकते. पण या गाण्यावरचा विनोद कधी रंगतो ते सांगते. २०१५मध्ये एका अमेरिकी विमा कंपनीने जाहिरात केली होती. कचेरीतल्या जेवणाच्या खोलीत एक माणूस मायक्रोवेव्हमध्ये खाणं गरम करत उभा आहे, सेकंद उलटे मोजले जाताहेत, आणि त्याच्या मागे खुद्द युरोप बँड जीव तोडून हे गाणं वाजवतोय. हसून पुरेवाट होते. पण त्या पाचांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर आपण चेष्टा करतोय असा भाव नाही. ते तसेच वाजवतात, जसे स्टेडियममध्ये वाजवतात. तोंडं वेडीवाकडी केली असती तर सगळी मजा गेली असती. तुमच्या मुलांना हसवायचंच असेल तर गाणं पूर्ण ताकदीने वाजवून हसवू द्या. लोक सुरुवातीला हसतील, आणि सोलोपर्यंत टाळ्यांचा ठेका धरतील.

म्हणून मुलाला सरळ सांगा: ‘मी वाजवेन, पण मला हे गाणं मनापासून आवडतं. एक तालीम टोप न घालता, चेष्टा न करता करू. त्यानंतर तुम्हाला काय करायचं ते ठरवा.’ याहून जास्त समजावू नका, भांडू तर मुळीच नका. सतराव्या वर्षी कुठलीही गोष्ट मनापासून आवडते असं चारचौघांत कबूल करणं फार जड जातं. टोप घातला की ती जबाबदारी टळते. त्याने गाणी तर शंभर शोधली असतील, त्यातलं नेमकं आईचं गाणं निवडलं आणि नेमकं आईलाच वाजवायला बोलावलं. मला तर वाटतं, त्याला ते आवडतं. तुमच्याकडून त्याला फक्त एवढं पाहायचंय की आवडलं तर उघडपणे आवडू देता येतं का. तालमीनंतरही टोपच हवे असं सगळ्या मुलांनी ठरवलं, तर घालू द्या त्यांना. तुम्ही मात्र नेहमीसारखी साडी नेसून, मान ताठ ठेवून वाजवा.

थोडं वाजवण्याबद्दल. कीबोर्डवर नुसता ब्रास टोन लावलात तर तो लग्नातल्या बँडसारखा वाटेल. मूळ ध्वनिमुद्रणात यामाहाच्या टीएक्स-८१६चा ब्रास आणि रोलंडच्या जेएक्स-८पीचा आवाज एकावर एक चढवले होते. तुमच्याही कीबोर्डवर दोन टोन एकत्र लावायची सोय असेल, तर ब्रासबरोबर एखादा जाड सिंथ मिसळून बघा. तो लांब पंचम पूर्ण ठेवा, पुढचा स्वर गाठायच्या घाईत तोडू नका. सगळे तिथेच घसरतात. मींड घ्यायचा, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचा, मोह तुम्हाला होईल, तो टाळा. इथे प्रत्येक स्वर उभा, सरळ हवा. ड्रमवरचा मुलगा उत्साहात लय चढवत नेईल, त्याला थोपवायचं काम तुमचं. आणि गाणाऱ्या मुलाला पट्टी उंच पडली तर दोन स्वर खाली या, लाजू नका. ओढूताणून किंचाळण्यापेक्षा ते बरं. फक्त ते तालमीच्या आधी ठरवा, नाहीतर गिटारवाल्याला सोलो नव्याने बसवावा लागेल.

राहता राहिले विद्यार्थ्यांचे आईवडील. ज्या बाईंनी ‘तुम्ही हे ऐकता?’ असं विचारलं, त्यांच्या मनात नेमकं काय होतं हे तुम्हाला ठाऊक नाही. कदाचित नवल वाटलं असेल, कदाचित त्यांच्याही घरी ती कॅसेट असेल. पुन्हा कुणी विचारलं तर ‘हो, शाळेपासून आवडतं,’ एवढंच सांगा आणि त्यांच्या मुलीची प्रगती कशी आहे त्यावर बोला. आणि आणखी एक करता येईल, पटलं तर बघा. क्लासमधल्या चार-पाच मुलींना ही चाल सरगममध्ये बसवा. धृपदाला ती परत येते तेव्हा कीबोर्डच्या बरोबरीने त्यांना खणखणीत म्हणू द्या, प म प सा, ध प ध प म. चाल पंचमाच्या आसपास फिरते, तेव्हा काळी तीनमध्ये त्यांना जड जाणार नाही. कोजागिरीला अजून वेळ असेल तर पुढच्याच क्लासला सुरुवात करा. पण आधी तो कोमल धैवत पक्का करून घ्या, लहान मुलं तो हमखास चढा लावतात.

तुमची,
ताई